शकुन, प्रतिमा आणि पाखरू : मेळघाटच्या निमित्ताने मराठी निसर्गलेखनाचा विचार

मराठी वाङ्मयात पक्षी पुष्कळ आहेत. मराठी समीक्षेत मात्र आढळते ती पक्ष्याची प्रतिमा. विराण्यांतला कावळा, लोकगीतांतला राघू, बहिणाबाईंची सुगरण, रविकिरणमंडळापासून नवकवितेपर्यंत पसरलेली असंख्य पाखरे यांची चर्चा करताना आपण विचारतो, हा पक्षी कशाचे प्रतीक आहे? विरहाचे, मुक्तीचे, आत्म्याचे, की गृहिणीच्या निर्मितिशीलतेचे? प्रश्न गैर नाही. परंतु तो इतक्या सहजपणे आणि इतक्या लवकर विचारला जातो, की त्याआधीचा एक प्रश्न विचारायचा राहून जातो. तो म्हणजे, हा पक्षी ज्या रानात राहतो तेथे तो काय करतो, आणि त्याच्या त्या करण्याशी संहितेच्या अर्थाचा काही संबंध आहे काय? प्रस्तुत लेखाचा आग्रह असा, की हा संबंध आहे, आणि तो पाश्चात्त्य पर्यावरणवादी समीक्षेच्या आयातीची वाट पाहत बसलेला नाही. आपल्या काव्यशास्त्रात तो फार पूर्वीच नोंदला गेला आहे.

'गाथासप्तशती'च्या आरंभीच एक गाथा आहे. कमळाच्या पानावर एक बलाका निश्चल बसली आहे. स्वच्छ पाचूच्या तबकात शंख ठेवावा तशी ती दिसते, असे नायिका प्रियकराला दाखवते. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'च्या दुसऱ्या उल्लासात ही गाथा व्यंजनेचे उदाहरण म्हणून घेतली, आणि तेव्हापासून ती प्रत्येक साहित्यशास्त्राच्या वर्गात शिकवली जाते. मम्मटाने अर्थाच्या पायऱ्या लावल्या आहेत : पक्षी हलत नाही, म्हणजे तो निर्धास्त आहे, निर्धास्त आहे, म्हणजे येथे माणसाची चाहूल नाही, चाहूल नाही, म्हणजे हे संकेतस्थळ आहे. किंवा, तू येथे येऊन गेलो म्हणतोस ते खोटे आहे. आपण ही साखळी शिकवतो आणि तिच्या शेवटच्या कडीकडे, शृंगाराकडे, निघून जातो. पहिली कडी कशावर उभी आहे याचा विचार होत नाही. पाणपक्षी माणसाच्या वावराने बिचकतो, वावर नसला की दीर्घकाळ स्तब्ध उभा राहतो, हे निरीक्षण आहे. ते ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी या गाथेत उपमेखेरीज काही उरत नाही. सहृदयाची व्याख्या करताना काव्यानुशीलनाच्या अभ्यासाने विशद झालेले मन आपण सांगतो. या गाथेला मात्र तळ्याकाठी बसलेला सहृदय हवा आहे. ध्वनी येथे पक्ष्याच्या वर्तनातून उगवतो, आणि हे वर्तन परिसराशी असलेल्या नात्यातून.

आता याच्या उलट उदाहरण घ्यावे. वाल्मीकीच्या क्रौंचवधावर आनंदवर्धनापासून आजतागायत किती लिहिले गेले! शोकाचा श्लोक झाला, करुण हा आदिकाव्याचा अंगी रस, हे सगळे. पण क्रौंच म्हणजे कोणता पक्षी, हा प्रश्न काव्यशास्त्राने गौण मानला. ज्युलिया लेस्ली या अभ्यासिकेने १९९८ मध्ये या प्रश्नाची सविस्तर चिकित्सा करून हा पक्षी सारस असावा असा निष्कर्ष मांडला. जोडीने राहणारा, जोडीने नाचणारा आणि जोडीने ओरडणारा सारस डोळ्यांसमोर आणला की मादीच्या आक्रोशाला केवळ कविसंकेताचा नव्हे तर प्राणिजीवनाचाही आधार मिळतो. रस्किनने १८५६ मध्ये निसर्गावर मानवी भावना लादण्याच्या प्रवृत्तीला दोष म्हटले होते. क्रौंचीच्या संदर्भात हा दोष कवीकडे नाही. पक्ष्याचा शोक हा माणसाच्या शोकाचा निव्वळ आरसा आहे असे गृहीत धरणाऱ्या टीकाकाराकडे तो जातो.

मराठी परंपरेत पक्षी अर्थवाही ठरतो तो प्रामुख्याने शकुनाच्या मार्गाने. पिंगळा हे त्याचे ठळक उदाहरण. पिंगळा म्हणजे लहान घुबड. आणि पिंगळा म्हणजे पहाटेच्या अंधारात कंदील घेऊन दारोदार फिरणारा, त्या पक्ष्याची भाषा आपल्याला समजते असे सांगून भविष्य कथन करणारा भिक्षेकरीही. एकाच शब्दात पक्षी आणि त्याचा भाष्यकार सामावलेले असावेत, ही चिन्हमीमांसेच्या दृष्टीने विलक्षण गोष्ट आहे. पण शकुनाच्या व्यवस्थेत चिन्हाचा रोख नेहमी माणसाकडे असतो. पिंगळा ओरडला तो घरधन्यासाठी, कावळा ओरडला तो पाहुण्यासाठी. पक्ष्याचे बोलणे पक्ष्यासाठी असू शकते, त्याच्या हद्दीसाठी, जोडीदारासाठी, ही शक्यताच त्या व्यवस्थेत बसत नाही. आधुनिक कवितेने शकुन टाकला आणि प्रतिमा घेतली. रोख मात्र होता तसाच राहिला. म्हणून भारुडातला पिंगळा आणि नवकवितेतले घुबड यांच्यातील अंतर आपण समजतो तेवढे मोठे नाही.

लोकभाषेने पक्ष्यांना दिलेल्या नावांकडे वळले म्हणजे निराळेच चित्र दिसते. सुतार, तांबट, शिंपी, धोबी, खाटीक, कोतवाल : ही नावे एका ओळीत वाचली की रान नव्हे, गावगाडा वाचत आहोत असे वाटते. सुतार झाड कोरतो. शिंपी पाने टाचून घरटे शिवतो. खाटीक मारलेले किडे, सरडे काट्यांना टोचून ठेवतो. कोतवाल स्वतःहून मोठ्या कावळ्याला, शिकऱ्याला हुसकून लावतो, आणि त्याच्या आश्रयाने इतर पक्षी जवळपास घरटी करतात. तांबटाचे नाव तेवढे आवाजावरून आले आहे, भांडे ठोकल्यासारख्या ठोक्यांवरून. चार्ल्स एल्टन या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १९२७ मध्ये जीवाचे समूहातील स्थान ही संकल्पना समजावताना गावच्या धर्मोपदेशकाचा दाखला दिला होता. 'तो पाहा बिज्जू चालला' असे म्हणताना मनात त्याच्या समाजातील कामाचीही कल्पना असावी, जशी धर्मोपदेशक जाताना दिसला की असते, असे त्याचे म्हणणे. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याने हे काम एल्टनला न विचारता केले होते.

एवढ्यावर थांबून लोकज्ञानाचा गौरव करणे सोपे आहे, आणि देशीवादाच्या प्रभावाखाली तसे पुष्कळदा झाले आहे. पण या नामव्यवस्थेत एक अडचण आहे. ती रानावर बलुतेदारी आरोपित करते, आणि ज्यावर आरोप केला ते रान नैसर्गिक असल्यामुळे बलुतेदारीही नैसर्गिक भासू लागते. सुतार पक्षी जन्माने सुतार असतो; मग माणूसही जन्माने सुतार असणे स्वाभाविकच, असा न उच्चारलेला युक्तिवाद या नावांच्या पोटात आहे. शिवाय गावगाड्यात काम ठरलेले असते. रानात ते ऋतूप्रमाणे, अन्नाप्रमाणे बदलते. एकच पक्षी एका झाडाचा मित्र आणि दुसऱ्याचा शत्रू असू शकतो. परिसंस्थेचे वर्णन करणाऱ्या लेखकाने 'निसर्गात प्रत्येकाला नेमून दिलेले काम आहे' अशी भाषा वापरली की वाचकाने सावध व्हावे, असे मला वाटते. नेमणारा कोण, हे त्या वाक्यात कधीच सांगितलेले नसते.

प्रत्यक्ष रान काय सांगते? अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेला गाविलगडाच्या डोंगररांगेत मेळघाट पसरला आहे. त्याचा दक्षिणेकडील उतार नरनाळ्याच्या बाजूने अकोला जिल्ह्यात उतरतो. सागाचे प्राबल्य असलेले हे शुष्क पानझडीचे जंगल. खंडू, खापरा, सिपना, गडगा, डोलार या नद्या त्यातून तापीकडे जातात. १९७३-७४ मध्ये देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत त्याचा समावेश झाला, आणि तेव्हापासून मेळघाट म्हणजे वाघ असे समीकरण रूढ झाले. पण रान वाघावर वाढत नाही. फाल्गुनात पळस आणि काटेसावर पर्णहीन अवस्थेत फुलतात तेव्हा मधासाठी येणाऱ्या पक्ष्यांच्या कपाळाला परागकण लागतात आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. हिवाळ्यात थव्याथव्याने येणाऱ्या भोरडीला मराठीत पळसमैना असेही नाव आहे. बलुत्याच्या नावांपेक्षा मला हे नाव अधिक मोलाचे वाटते, कारण त्यात पक्ष्याला धंदा दिलेला नाही, झाडाशी त्याचे नाते सांगितले आहे. पावसाळ्यात सागाच्या पानांची चाळण करणाऱ्या अळ्यांवर कीटकभक्षक पक्षी तुटून पडतात. धनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, तेथेच पिसे गाळते, आणि नर फटीतून तिला फळे भरवतो. ढोलीतून बाहेर टाकलेल्या बियांची रोपे त्या झाडाखाली उगवलेली दिसतात. या मादीत पतिव्रता पाहणारेही लेखक आहेत आणि बंदिवान स्त्री पाहणारेही. दोघांनाही ती रोपे दिसत नाहीत.

हरियलाचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी. वड-उंबराच्या फळांनी लगडलेल्या झाडावर पानांत मिसळून जाणारे त्याचे थवे हा ललित लेखकांचा आवडीचा विषय, आणि फळे खाणारा म्हणून तो बीजप्रसारक हेही ओघाने लिहिले जाते. वस्तुतः या कुळातील कबुतरांची पेषणी इतकी बळकट असते, की उंबरवर्गीय फळांतील बारीक बिया तिच्यात जात्यासारख्या दळल्या जातात. बुलबुल, तांबट, धनेश यांच्या पोटातून बी अखंड बाहेर पडते. हरियलाच्या पोटात ते बहुतांशी संपते. सौंदर्यावरून भूमिका ठरवता येत नाही.

आणि बांडगूळ. मराठी टीकेतला हा लाडका शब्द. परोपजीवी साहित्य, दरबारी कवी, अनुकरणशील लेखक यांना बांडगूळ म्हणण्याची प्रथा जुनी आहे. सागावर, आंब्यावर, मोहावर वाढणाऱ्या या वनस्पतीचे फळ फुलटोच्या नावाचा चिमुकला पक्षी खातो. बी चिकट असते. ते अंगाला चिकटून राहू नये म्हणून पक्षी फांदीवर घासतो आणि तेथेच नवे बांडगूळ रुजते. वनव्यवस्थापनाच्या दृष्टीने ही कीड आहे. पण कोरड्या महिन्यांत, रान उघडेबोडके असताना, याच बांडगुळाची फुले सूर्यपक्ष्यांना मध देतात आणि फळे फुलटोच्याला जगवतात. रूपक वापरणाऱ्या समीक्षकाने एकदा झाडाखाली उभे राहून वर पाहिले असते तर शिवी म्हणून वापरलेला हा शब्द त्याच्या हातात राहिला नसता.

या पार्श्वभूमीवर मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांच्या लेखनाकडे पाहावे लागते. वनखात्यातील दीर्घ नोकरीत त्यांनी कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा येथे आणि मेळघाटातही काम केले. 'पक्षी जाय दिगंतरा', 'रानवाटा', 'रातवा', 'चकवाचांदण' यांसारख्या पुस्तकांनी मराठी वाचकाला रानाची भाषा दिली. २००६ मध्ये सोलापूरच्या ७९ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले आणि २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. समीक्षेने त्यांच्याशी कसा व्यवहार केला? एक तर 'काव्यात्म शैली' म्हणून कौतुक, नाहीतर 'माहितीपर लेखन' म्हणून उपेक्षा. या दोन्ही प्रतिसादांत एकच चूक आहे, ती म्हणजे माहिती आणि काव्य ही दोन वेगळी द्रव्ये आहेत असे धरून चालण्याची. गाथेतल्या बलाकेने हा भेद केव्हाच निकालात काढला होता.

चितमपल्लींचे मोठे कर्तृत्व नावांत आहे. कावळ्यांच्या रात्रनिवाऱ्याला 'काकागार', बगळे-करकोच्यांच्या विणीच्या वसाहतीला 'सारंगागार' असे शब्द त्यांनी घडवले किंवा रूढ केले; 'पक्षिकोशा'त नावांचा साठा बांधला. पक्ष्याला नाव नसेल तर भाषेत तो 'एक पाखरू' एवढाच राहतो, आणि 'एक पाखरू' नष्ट झाल्याचे कोणालाच कळत नाही. दुसरे, त्यांचे ज्ञान संवादातून आलेले आहे. कोळी, ढीवर, गोंड, वनमजूर यांच्याकडून शिकत असल्याची कबुली ते वारंवार देतात. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'नागझिरा' (१९७९) या पुस्तकाशी तुलना केली तर फरक दिसतो. माडगूळकर पाहणारे आहेत, त्यांची नजर चित्रकाराची आहे, आणि एकटेपणा ही त्या पुस्तकाची अट आहे. चितमपल्ली ऐकणारे आहेत.

त्यांच्या मर्यादाही येथूनच सुरू होतात. ऐकलेले, वाचलेले आणि पाहिलेले ते एकाच स्वरात सांगतात. हंसदेवाच्या 'मृगपक्षिशास्त्रा'चा अनुवाद करणारा, 'निळावंती' या प्राण्यांच्या भाषेच्या दंतकथेने झपाटलेला लेखक आणि वनाधिकारी हे एकाच वाक्यात बोलू लागतात, आणि कोणते विधान कोणाचे हे वाचकाला उमगत नाही. चाहते याला गूढतेचे सौंदर्य म्हणतात. मला ते पूर्णपणे मान्य करता येत नाही. लोकश्रद्धा नोंदवणे आणि तिला साक्ष देणे यांत फरक आहे. तो मिटवला की लोकश्रद्धेचेही नुकसान होते, कारण ती मग श्रद्धा म्हणून न तपासता माहिती म्हणून खोडून टाकली जाते. 'ललित' हा वाङ्मयप्रकार सत्यासत्याच्या प्रश्नातून सूट देतो ही आपली समजूत तपासायला चितमपल्लींइतका योग्य लेखक दुसरा नाही. कादंबरीतला पक्षी काल्पनिक असू शकतो. 'मी पाहिले' असे म्हणून सांगितलेला पक्षी तसा असू शकत नाही.

साक्षीचा हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही हे रानपिंगळ्याच्या कथेवरून कळेल. ह्यूमने १८७३ मध्ये या घुबडाचे शास्त्रीय वर्णन केले. १८८४ नंतर त्याचा एकही निर्विवाद नमुना मिळाला नाही. अपवाद एकच, रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत मांडवी येथे मिळवल्याचे सांगितलेला नमुना. पुढे पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी दाखवून दिले, की तो खानदेशात जेम्स डेव्हिडसनने एकोणिसाव्या शतकात गोळा केलेला जुनाच नमुना होता. तो संग्रहालयातून उचलून, पुन्हा भरून, त्यावर खोटी चिठ्ठी लावण्यात आली होती. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला ही कथा परकी वाटणार नाही. खोटी पुष्पिका, चोरलेली प्रत, बदललेला काळ आणि स्थळ : वि. भि. कोलते यांच्यासारख्या संशोधकांनी महानुभावांच्या पोथ्यांवर जे कष्ट घेतले तेच येथे पिसांवर आणि टाक्यांवर घ्यावे लागले. खरी स्थळे हाती धरून शोध घेतला गेला तेव्हा नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना हा पक्षी जिवंत दिसला. नंतरच्या सर्वेक्षणांत तो मेळघाटातही आढळला, आणि आज त्याच्या महत्त्वाच्या आश्रयस्थानांत मेळघाटाची गणना होते. २०१८ मध्ये त्याचा दर्जा 'अतिसंकटग्रस्त' वरून 'संकटग्रस्त' असा बदलण्यात आला. एकशे तेरा वर्षे तो सागाच्या रानात होताच. दिवसाउजेडी शिकार करतो, उघड्या फांदीवर बसतो. साध्या पिंगळ्याहून त्याच्या डोक्यावर आणि पाठीवर ठिपके फार कमी, एवढा भेद ओळखणारी नजर मात्र ग्रंथांपाशी नव्हती.

नजर रानात होती काय, हा पुढचा प्रश्न, आणि येथे वऱ्हाडच्या साहित्याची स्थिती अस्वस्थ करणारी आहे. गो. नी. दांडेकरांचा जन्म मेळघाटच्या पायथ्याशी परतवाड्याचा. 'पूर्णामायची लेकरं' त्यांनी वऱ्हाडी बोलीत रंगवली. उद्धव शेळक्यांची 'धग' (१९६०) ही वऱ्हाडी जीवनाची श्रेष्ठ कादंबरी. पण या कादंबऱ्यांचे लक्ष गावावर आणि त्यातल्या माणसांवर आहे. उत्तरेच्या क्षितिजावर निळा दिसणारा डोंगर त्यांच्या कथनात केंद्रस्थानी येत नाही. त्यात लेखकांचा दोष काढण्याचे कारण नाही. डोंगरावरची भाषाच वेगळी होती. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. मराठीशी तिचे वंशनाते नाही. मेळघाटच्या पाखरांची त्या भाषेतली नावे मराठी नावांची भाषांतरे नाहीत. जगाची ती स्वतंत्र वाटणी आहे. आपण ज्याला 'देशी' म्हणतो ते या रानात दुसऱ्याच्या देशीवर पडलेले एक पातळ आवरण आहे. चितमपल्लींच्या संग्रहाचे मोल मानूनही हे म्हटले पाहिजे, की मराठी कोशात घेतलेले आदिवासी नाव हे मूळ वाक्यातून काढलेले नाव असते. ते कोणत्या ऋतूत, कोणत्या झाडाखाली, कोणी कोणाला उद्देशून उच्चारले, हे कोशात येत नाही.

२००० नंतर व्याघ्र प्रकल्पातील अनेक गावे हलवण्यात आली. त्यांपैकी काही अकोला जिल्ह्यात अकोट-तेल्हारा भागात सपाटीवर वसवली गेली. सोयी आणि जमीन यांच्या तक्रारी करत पुनर्वसितांपैकी काही कुटुंबे जानेवारी २०१९ मध्ये पुन्हा रानात परतली आणि वनकर्मचारी व पोलिसांशी त्यांचा संघर्ष झाला. पुनर्वसनाच्या न्याय-अन्यायाची चर्चा अन्यत्र झाली आहे आणि होईल. वाङ्मयाच्या अभ्यासकापुढचा प्रश्न तेवढा मोठा नाही, पण तो दुसरे कोणी विचारणार नाही. बलाकेच्या स्तब्धतेवरून 'येथे माणूस नाही' असे वाचणारी नायिका स्वतः त्या तळ्याकाठी होती. आता आपण माणूस हलवून निर्जनता निर्माण केली आहे, आणि त्या रानातल्या पाखराच्या निश्चलतेचा अर्थ लावणारी व्यक्ती अकोटच्या बाजूला कपाशी वेचते आहे. अमरावती विद्यापीठाच्या परिसरातील मराठी विभागांतून वऱ्हाडी बोलीवर प्रबंध होतात, लोकगीतांची संकलने होतात. कोरकू पक्षिनामांचे त्यांच्या वाक्यांसह, ऋतूंसह आणि झाडांसह संकलन करायचे तर ते सांगू शकणारी, रानात वाढलेली पिढी अजून हयात आहे आणि अकोटपर्यंत एसटी जाते.